चाचांचा हात आणि घुग्घुसचा कूलर

घुग्घुसच्या त्या पार्लरमध्ये शुक्रवारी दुपारी कूलर मी चालू केला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्रांसोबत बसून नाही नाही ते बोललो त्यांनाही नाही. वाचणाऱ्याला वाटेल, कूलरच तर आहे. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात कूलर चालू करणं हा गुन्हा असेल तर अख्खा जिल्हा आत जाईल. बरोबर आहे. मीही स्वतःची समजूत बरीच वर्षं अशीच घालत आलो. पण ज्यांच्या तोंडावर मी "नाई, कूलर बंदच होता" म्हणालो, त्यांची आधी ओळख करून देतो. मग तुमचं तुम्ही ठरवा.

आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चंद्रपुरात राहायचे. उंच, किडकिडीत, दाढी मेंदीनं लाल केलेली, आणि अंगावर पांढरा कुर्ता. भिंतीचं काम करणारा माणूस पांढरा कुर्ता घालतो, यातच त्यांचा अर्धा स्वभाव आला. संध्याकाळी आम्ही सगळे भुतासारखे पांढरे झालेलो असायचो, आणि चाचांच्या कुर्त्यावर डाग नसायचा. डाग असला तरी पांढऱ्यावर पांढरा कसा दिसणार, हे मला फार उशिरा सुचलं. मी त्यांना तसं म्हटलं तर म्हणाले, "अबे, हे कळाले तुले तीन उन्हाळे लागले. तू टेक्श्चरच मार."

टेक्श्चर मारणारा मीच होतो. गोष्ट दोन हजार सालाच्या आगेमागची. तेव्हा आमच्याकडे जिप्समच्या भिंती नव्या नव्या येत होत्या. तोवर भिंत म्हणजे विटेची नाहीतर मातीची. मग दुकानदारांना, डॉक्टरांना खोलीतच खोली पाहिजे झाली. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा उभा करायचा आणि त्यावर पुठ्ठ्यात गुंडाळलेले जिप्समचे मोठे मोठे बोर्ड स्क्रूनं ठोकायचे, की झाली भिंत. लोक येऊन तिच्यावर टकटक करून पाहत आणि हसत. "पुठ्ठ्याची भिंत आहे म्हणते!"

सुतार बोर्ड ठोकून निघून जायचा. मागे राहायची ती भिंत नसायचीच. नुसते जोड आणि स्क्रूचे खड्डे. तिला भिंत करायचं काम चाचांचं. जोडावर कागदाची पट्टी बसवायची, तिच्यावर जिप्समचा भिजवलेला मसाला भरायचा, वाळला की घासायचा, मग त्याहून रुंद थर, मग आणखी रुंद, असं करत करत जोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सापडू नये इतका तो पसरवायचा. शेवटी प्रायमर. त्यानंतर माझी एंट्री. रोलर आणि थापी घेऊन मी त्यावर लाटा, साल, खवले असलं जे काही गिऱ्हाईकाला पाहिजे ते उठवायचो. मी नागपुरात थोडे दिवस राहून ते शिकून आलो होतो आणि त्याचा मला भलताच ताठा होता. चाचांचं काम चांगलं झालं की ते दिसायचंच नाही. माझं काम वाईट झालं तरी दिसायचं. त्यामुळे वाहवा माझी व्हायची.

चाचांना त्याचं वाईट वाटत नसे, कारण ते स्वतःची वाहवा स्वतःच करून घ्यायचे. चाचा फार नम्र होते असं कुणी समजू नये. "चंद्रपूर ते सिरोंचा, असा हात कोणाले नाई," हे ते रोज एकदा तरी म्हणत. कुणी ऐकायला नसलं तर मसाल्याच्या घमेल्याला सांगत.

हात म्हणजे खरोखर हातच. उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू. चाचा डोळे मिटून ती भिंतीवरून फिरवायचे आणि सांगायचे, इथं उंच आहे, इथं खोल आहे, हे वाळलं, हे वरून वाळलं पण आतून नाई. त्या बोटांची त्यांनी जी बडदास्त ठेवली होती तिला तोड नव्हती. रोज झोपताना खोबरेल तेल. भांड्याला हात नाही, विटेला हात नाही, सायकलच्या साखळीला तर नाहीच. आणि जेवायचं चमच्यानं. भाजीभाकर चमच्यानं, वरणभात चमच्यानं. लग्नाच्या दावतीत सगळे एका थाळीभोवती बसून बिर्याणीत हात घालत असताना चाचा कुर्त्याच्या खिशातून स्वतःचा स्टीलचा चमचा काढायचे. म्हातारी माणसं चिडायची. चाचा म्हणायचे, "मिरचीनं बोट बहिरं होते."

चाची हे सगळं पाहून कपाळाला हात लावायच्या. मी घरी गेलो की त्या आपले दोन्ही हात माझ्यापुढे करत. "पाह्य बाबू, भांडे घासून घासून माझे हात फाटले. अन् याचे पाह्य, कसे मऊ. नवरी हा आहे का मी?"

"तुझ्या हातानं भांडे साफ होते," चाचा म्हणायचे, "माझ्या हातानं घर चालते."

"मंग घरालेच सांग तुले जेवाले वाढाले."

अशी त्यांची जुगलबंदी चाले आणि मला चहा मिळे.

दिसेल त्या भिंतीला हात लावायची चाचांना खोड होती. बँकेत गेले, रांगेतून बाहेर पडून भिंतीला हात. दवाखान्यात गेले, डॉक्टर नाडी बघतोय आणि चाचांचा दुसरा हात मागच्या भिंतीवर. एकदा आमच्या ओळखीच्या एका घरी माणूस गेला म्हणून आम्ही बसायला गेलो. सगळे मान खाली घालून बसलेले. चाचा भिंतीला टेकले, हात मागे नेला आणि माझ्या कानात म्हणाले, "गेलेला माणूस सज्जन होता, पण त्याले कोणीतरी फसवलं. प्लास्टरमंधी रेती जास्त आहे." मला त्या घरातून खोकल्याचं नाटक करून बाहेर यावं लागलं.

त्यांचं सगळंच बरोबर असे असंही नाही. अमावास्येला मसाला भिजवला तर तो रुसतो, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. जवळपास कुणी कांदा चिरला तर पट्टी सुटते म्हणायचे. एका कामावर तर शेजारच्या बाईंशी त्यावरून भांडले आणि नंतर त्यांच्याच घरी कांद्याची भजी खाऊन आले. चमच्यानं. आणि रस्ता तर त्यांना कधी म्हणजे कधी कळायचा नाही. जन्म या जिल्ह्यात गेला, पण चिमूरला जायचं असलं तर वरोऱ्याला उतरून लोकांना विचारत बसायचे. हातानं जे कळायचं तेवढंच त्यांना कळायचं. बाकी सगळं अंदाजपंचे.

पण भिंत दाखवायचा त्यांचा जो थाट होता, तसा मी पुन्हा कुठे पाहिला नाही. मसाला घासून झाला, धूळ पुसली, आता प्रायमर मारायचा, की चाचा काम थांबवायचे. "घरच्या मोठ्या माणसाले बोलवा." भरदुपारी खिडक्या बंद, लाइट बंद. मग लांब वायरीला लावलेला एक पिवळा बल्ब घेऊन चाचा भिंतीला अगदी चिकटून उभे राहायचे. उजेड भिंतीवरून आडवा घसरत जायचा. त्या उजेडात तांदळाएवढा उंचवटासुद्धा लांबलचक सावली टाकतो. चाचा बल्ब हळूहळू सरकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे आणि घरची माणसं श्वास रोखून सावली शोधायची. ती सापडायची नाही. मग बल्ब माझ्या हातात देऊन चाचा डोळे मिटायचे आणि हात फिरवायचे. सगळी भिंत फिरून झाली की म्हणायचे, "पास."

लोकांना ते इतकं आवडायचं की पुढे पुढे भिंत दाखवायच्या दिवशी पोहे व्हायला लागले. मुलगी दाखवतात तसे पाहुणे बसायचे. एका घरी सासूबाईंनी भिंतीला हळदकुंकू लावलं. चाचांनी हात जोडले. सासूबाई आत गेल्या तशी तेवढी जागा घासून पुन्हा पांढरी केली.

मला त्या थाटाचा तेव्हा राग यायचा. म्हणायचो, "चाचा, याच्यावर मी एवढं जाड टेक्श्चर मारणार. खाली काय आहे कोणाले दिसते?"

"तुले वाटते टेक्श्चर झाकते. ते टांगून राह्यते बाबू. ज्याच्यावर टांगते तेच खाली आलं तं टेक्श्चर काय हवेत थांबन?" आणि प्रायमर का मारायचा ते सांगताना म्हणायचे, "बोर्डाचा कागद वेगळं पाणी पिते, मसाला वेगळं पिते. टेक्श्चर मारण्याच्या आधी दोघाची तहान एकसारखी झाली पायजे. नाई तं एक पिऊन घेते, दुसरं उपाशी राह्यते, अन् भिंतीवर पट्टे दिसते."

आता आरमोरीची गोष्ट. माझं गाव चिमूरकडे. वडील लवकर गेले, काका भांडकुदळ. मुलगी पाहायला जायचं ठरलं तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून मी चाचांना घेऊन गेलो. आरमोरीला धानाचं शेत असलेलं घर, मातीच्या भिंती, पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या. मुलगी आली, चहा ठेवला, बसली. सगळे तिच्याकडे बघत होते आणि चाचा भिंतीकडे. मी त्यांना कोपरानं ढोसलं, पण तोवर ते उठलेच. डोळे मिटून त्यांनी त्या भिंतीवरून हात फिरवला. मुलीचे वडील घाबरले. त्यांना वाटलं, पाहुण्याला काही होऊन राह्यलं.

"हे कोणी पोतारलं?" चाचांनी विचारलं.

"पोरीनंच," मुलीची आई म्हणाली. "काऊन, भाऊ? काही चुकलं का?"

चाचा माझ्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अबे, तू हो म्हण. पोरगी नाई म्हणाच्या आत."

मुलगी हसली. आमचं लग्न जमलं ते असं. बायको आजही कुणी विचारलं की सांगते, "मले यायनं नाई पसंत केलं, चाचांच्या हातानं केलं." ती हे सांगते तेव्हा मी उठून पाणी प्यायला जातो. का, ते तिला माहीत नाही.

लग्न होऊन वर्ष झालं नसेल, तेव्हा घुग्घुसचं काम आलं. एक बाई होत्या. नवरा कोळसा खाणीत शिफ्टला, आणि बाई घरच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवायच्या. तोंडाच्या फटकळ, हाताच्या सढळ. त्यांना त्या खोलीचं मोठं पार्लर करायचं होतं. मधे जिप्समची भिंत, एका बाजूला नवरीच्या मेकअपची वेगळी खोली, आणि आरशाच्या मागे टेक्श्चर. लग्नसराई चालू होती. उद्घाटनाचा दिवस ठरला होता. पहिल्याच दिवशी एक नवरी यायची होती.

घुग्घुसला भिंतीचं काम करणं म्हणजे एक वेगळीच शिक्षा. ट्रक गेला की काळी धूळ, वारा आला की सिमेंटची. चाचांनी दारांना ओले पडदे लावायला लावले. बाई मधून मधून येऊन बघायच्या. एकदा म्हणाल्या, "चाचा, तुमचं अन् माझं काम एकच आहे. तुमी भिंतीचं फेशियल करता."

चाचा खूश. "बाई, तुमाले कळलं. याले अजून नाई कळलं." हा म्हणजे मी.

"बेस बसला नाई तं मेकअप फाटते," बाई मला म्हणाल्या. "नवरीच्या हळदीच्या अंगावर आमी घाई करत नाई, भाऊ."

शुक्रवारी सकाळी चाचांनी आदल्या दिवशीच्या थराला हात लावला, म्हणाले, "वाळलं," आणि शेवटचा पातळ थर मारला. दुपारी नमाजला जाताना मला बजावलं, "कूलरले हात नको लावू. भिंत ओली आहे तोपर्यंत कूलर नाई. उन्हाची हवा येऊ दे, आपोआप वाळते." हा त्यांचा नियम जुनाच होता. कूलरची हवा दमट. ती भिंतीला वाळू देत नाही. मी हो म्हणालो.

बाईंनी आमच्या दयेपोटी नवा मोठा कूलर खिडकीत लावून, टाकी भरून ठेवली होती. त्याच्या बाजूंच्या वाळ्याच्या ताट्या इतक्या ताज्या होत्या की बंद कूलरमधूनही वास येत होता. बाहेर पारा सत्तेचाळीसच्या घरात. माझा शर्ट अंगाला, अंग फरशीला चिकटलेलं. म्हटलं, पाचच मिनिटं. कूलरच्या झडपा माझ्याकडे वळवल्या आणि भिंतीच्या पायथ्याशी आडवा झालो. त्या थंडाव्यात मला जी झोप लागली, तशी मला नंतर आयुष्यात लागलेली नाही.

जाग आली ती तोंडावर पाण्याचे थेंब पडून. नवा कूलर पाणी फेकत होता. माझ्या मागची भिंत, नेमका मधला जोड, ओलाचिंब. कागदाची पट्टी फुगून वर आली होती, भाजल्यावर कातडीला फोड येतो तशी.

तेव्हा काय करायचं ते मला येत होतं. पट्टी कापून काढायची, भिंत पूर्ण वाळू द्यायची, नवी पट्टी लावून सगळे थर पुन्हा चढवायचे. म्हणजे उद्घाटन पुढे जाणार, आणि चाचांना सांगावं लागणार. मी कूलर बंद केला. फरशी पुसली. फोड थापीनं दाबून बसवला, वरून हलका थर ओढला, दार उघडून उन्हाची झळ आत घेतली, वरचा थर वाळला तसा घासला. हात माझाही वाईट नव्हता. वरून बघाल तर अंड्यासारखी भिंत.

चाचा आले. दार लावलं, बल्ब लावला. बाई आल्या, पोह्यांची ताटली घेऊनच. बल्ब फिरला. सावली नाही. मग चाचांनी बल्ब माझ्याकडे दिला आणि डोळे मिटले. हात जोडावर आला आणि थांबला. पुढे गेला, परत आला.

"इथी काही झालं का?"

"नाई."

"थंड लागून राह्यलं."

मी बल्ब धरून उभा. तो हलू नये एवढीच मला काळजी.

"कूलर लावला होता का?"

"नाई चाचा. बंदच आहे." आणि मग मी जे बोललो ते मला कुणी शिकवलं नव्हतं. "तुमी एवढ्या उन्हातून आले. तुमचा हात तापला आहे, म्हणून भिंत थंड लागून राह्यली."

चाचांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. पण ते स्वतःच्या हाताकडे बघायला लागले. उलटा करून, सुलटा करून.

"असन," म्हणाले. "पास."

प्रायमर झाला, टेक्श्चर झालं. मी त्यावर अशा लाटा उठवल्या की बाई म्हणाल्या, "भाऊ, समुद्र पाह्याले जायची गरजच नाई." उद्घाटनाच्या दिवशी घरभर बायका, अत्तर, गजरे. नवरी आरशासमोर बसली. कूलर पूर्ण जोरात. बाईंनी तिच्या कपाळाला ब्रश टेकवला, आणि आरशाच्या वरून वीतभर रुंद समुद्र सुटून थेट मेकअपच्या पेटीत पडला. नवरी किंचाळली. तिच्या मावशीनं हा अपशकुन आहे का, असं मोठ्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, "अपशकुन नाई, मिस्त्री आहे!" तेवढ्यात पावडरीचा डबा उलटला आणि नवरीचे काका पांढरे झाले. आज त्यावर हसू येतं. तेव्हा सगळे हसत होते, आम्ही दोघं सोडून.

चाचांनी पडलेला तुकडा उचलला. उलटा केला, पट्टीची मागची बाजू बोटानं चाचपली. "आतून ओलं," म्हणाले. मग मला सरळ विचारलं, सगळ्यांसमोर, पण हळू आवाजात. "शुक्रवारी कूलर लावला होता का तू? लावला असन तं सांग. मी काही म्हणत नाई."

"नाई चाचा. कूलर बंदच होता."

आणि बाई, ज्यांचं पार्लर बुडत होतं त्या बाई, माझ्या बाजूनं बोलल्या. "मी तं टाकी भरून देल्ली होती. पण तुमीच लावू देत नाई म्हणून बिचारा घामात बसून होता."

चाचांनी मान हलवली. ते बाईंकडे वळले. "जोड माझा आहे, बाई. टेक्श्चरचा दोष नाई. मी पुन्हा करून देतो." त्यांनी केलंही. आधी नवरी तयार होऊ दिली, मग सगळा जोड कापून पुन्हा भरला. फक्त शेवटी बल्ब फिरवून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले नाहीत. मला म्हणाले, "हात तू फिरव."

संध्याकाळी मी त्यांना मोटरसायकलवर बसवून चंद्रपूरला निघालो. ट्रकांच्या धुळीतून. चाचांचा उजवा हात माझ्या खांद्यावर होता. मला सारखी भीती वाटत होती, की त्या हाताला कळेल.

बरंच अंतर गेल्यावर ते मागून बोलायला लागले. "विचार करून राह्यलो मी. कूलर नव्हता, तं पाणी आलं कुठून? सकाळी मी हात लावला, हातानं सांगतलं वाळलं. म्हणून वरून थर मारला. म्हणजे तेव्हा ते वाळलंच नव्हतं. खालचं ओलं, वरून मी बंद केलं. दुपारी हात म्हणाला थंड आहे, ते बरोबर. पण सकाळी खोटं बोलला."

"एखाद वेळी होते चाचा."

"एका दिवसात हात दोन गोष्टी सांगते," ते म्हणाले, "तं कोणती ऐकाची, हे कोण सांगन?"

मी गाडीचा वेग वाढवला. ट्रकच्या आवाजात काही ऐकू आलं नाही असं दाखवता येतं.

त्यानंतर चाचा लगेच घरी बसले असं नाही. कामावर येत राहिले. पट्टी बसवायचे, थर मारायचे, पण भिंत पास करायला मला बोलवायचे. पोहे यायचे, बल्ब फिरायचा, हात माझा. हळूहळू लोक बल्बची मजा विसरले. मग एका लग्नात मी पाहिलं, चाचा थाळीभोवती बसले आणि बिर्याणीत सरळ हात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "चाचा सुधरले!" चाचीसुद्धा हसल्या, पण घरी गेल्यावर मला म्हणाल्या, "बाबू, तेलाची बाटली भरलीच आहे. लावतच नाई. मी भांडण तरी कायचं करू आता?"

पुढे त्यांनी काम सोडलं आणि चौकात एक टपरी टाकली. कूलरच्या ताट्यांमध्ये वाळा भरायची. वाळा हाताला ओरबाडतो. दर उन्हाळ्यात मी माझा कूलर घेऊन जातो. जिल्हाभर ताट्या भरणारे दुसरे आहेत, पण मी तिथेच जातो, आणि दर वेळी आज सांगायचं असं ठरवून जातो. चाचा ताटी भरता भरता लोकांची खेचत असतात, चंद्रपूर ते सिरोंचा अशी ताटी कुणाची नाई म्हणतात. मी चहा पितो आणि कूलर घेऊन परत येतो. त्यांचे हात आता चाचींच्या हातासारखे झाले आहेत. आणि चालताना ते कुर्त्याच्या खिशात असतात. बँकेत गेले तरी, दवाखान्यात गेले तरी.

एवढ्यात मी घरात मुलीसाठी एक खोली काढली. जिप्समचीच भिंत. टेक्श्चर मारायच्या आधी चाचांना रिक्षात घालून घेऊन आलो. बायकोनं पोहे केले. खिडक्या लावल्या, मी बल्ब फिरवला. म्हटलं, "चाचा, हात फिरवा." ते दारातच उभे राहिले, हात खिशात.

"तू पाहिली ना?"

"पाहिली."

"मंग झालं," चाचा म्हणाले. "तुझ्यावर मले भरवसा आहे." आणि पोहे खायला बसले. हातानं.

त्या भिंतीवर मी अजून टेक्श्चर मारलेलं नाही. बायको विचारते, काऊन थांबले? मी म्हणतो, वाळू दे.

मी चाचांचं जे देणं लागतो ते एवढं आहे. त्यांच्यासमोर बसून, चाची ऐकत असताना, सांगायचं: सकाळी भिंत वाळली होती. दुपारी ती ओली होती. मधे कूलर मी चालवला. तुमचा हात दोन्ही वेळा खरं बोलला.